दवाखान्यात न कळलेले नाटकात कळले!

वाचकहो, डॉक्टरच्या कपाटात रुग्णांची जुनी कार्डे असतात. माझ्याही कपाटात आहेत. त्यातल्या एका कार्डावर मी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता, ‘निष्काळजी’. त्या शब्दाची ही हकीकत आहे आणि तिचा शेवट नाटकात झाला. आरोग्याच्या सदरात नाटक कशाला, असे काहींना वाटेल. पण थोडा धीर धरावा.

ज्यांचे ते कार्ड, त्या बाई पंचेचाळिशीच्या. रोजमजुरी करणाऱ्या, दुसऱ्याच्या वावरात निंदायला, खुरपायला, हंगामात कापूस वेचायला जाणाऱ्या. रक्तदाब १७० च्या वर. मी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. एकाच गोळीत दोन औषधे, त्यातले एक लघवी वाढवून शरीरातले जादा मीठ-पाणी बाहेर काढणारे. औषध स्वस्त, जुने आणि खात्रीचे. जगभर दिले जाते. बाई महिनाभर आल्या, मग दोन महिने नाही. पुन्हा आल्या, पुन्हा नाही. विचारले की मान खाली. “घेते ना साहेब, एखाद्या वेळी ऱ्हाऊन जाते.” तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा मी तो लाल शब्द लिहिला.

डिसेंबरातल्या एका दुपारी त्यांना मालवाहू गाडीत टाकून आणले. तोंड वाकडे, उजवा हात आणि पाय लुळा, वाचा बंद. रक्तदाब २१० वर १२०. लकवा. जालन्याला हलवले, जीव वाचला. पण उजव्या पायाचा लंगडेपणा राहिला आणि शब्द आजही शोधून शोधून काढावे लागतात.

मला वाईट वाटले. खरे सांगायचे तर थोडा रागही आला. रोज एक गोळी घेणे एवढे अवघड असते का? याच रागाच्या भरात मी गणपतीच्या मंडपात रक्तदाबावर भाषण ठेवले. चांगले चाळीस मिनिटे बोललो. हृदयाचे चित्र लावले, रक्तवाहिन्या दाखवल्या, मिठाचे प्रमाण सांगितले. शेवटी समोर मंडळाचे चार कार्यकर्ते, आरतीची वाट पाहणारी पोरे आणि झोप लागलेले एक आजोबा एवढेच उरले होते!

त्या मंडपात आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी होते. साक्षरता मोहिमेच्या काळात, नव्वदीच्या सुरुवातीला, त्यांनी कलापथकाबरोबर गावोगाव फिरून ढोलकी वाजवली होती. मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही उत्तर सांगत बसलात. लोकांचा प्रश्न काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का?” मी म्हटले, “प्रश्न एकच, गोळ्या का घेत नाहीत.” गुरुजी म्हणाले, “मग ते भाषणातून कळणार नाही. नाटकातून कळेल.”

मला हसू आले. नाटकातून शिकवता येते हे ठाऊक होते. नाटकातून शोधता येते हे मात्र पहिल्यांदाच ऐकत होतो.

संशोधन लोकांकडे परत नेणे

नंतर याविषयी मिळेल ते वाचले. नाट्यशास्त्र शिकवणारा एक जुना मित्र आहे, त्याला फोन करून छळले. तेव्हा लक्षात आले की गुरुजी काही जगावेगळे बोलत नव्हते.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण आधी घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने काम पक्के होते, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटलाच नाही. हे डॉ. बंग यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! जग चकित झाले. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच धरले जात होते.

आता विचार करा. हा शोधनिबंध इंग्रजीत. ज्या बायांच्या शरीरातून ही माहिती निघाली, त्यांनी तो कसा वाचावा? बंग दांपत्य निबंध छापून थांबले नाही. स्त्रियांच्या आरोग्याची जागृती-जत्रा त्यांनी गावोगाव नेली. ज्याची माहिती त्याला परत, हा साधा न्याय आहे. आपण सावकाराकडून गहाण दागिना परत मागतो, पण आपली माहिती घेऊन गेलेल्या माणसाला कधी विचारत नाही, “काय निघाले हो त्यातून?”

आणि गडचिरोलीकडे तर नाटकाचे वेड काय वर्णावे! भाताची कापणी झाली, दिवाळी सरली की देसाईगंज म्हणजे वडसा येथून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या निघतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात मंडप टाकून रात्ररात्रभर नाटके चालतात. तिकीट काढून, घोंगडी पांघरून, लेकराबाळांसह लोक बसतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या बुलडाण्याकडे तेवढी मोठी परंपरा नसली तरी तमाशा, भारूड, गोंधळ आणि कीर्तन येथेही लोकांच्या हाडीमाशी आहे. आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या रंगीत सूचनेपुढे कोणी दोन मिनिटे थांबत नाही, भारुडासाठी मात्र पहाट होते.

डॉक्टर, नाटक आणि आपण

मराठी रंगभूमीला डॉक्टरांनी बरेच दिले आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, डॉ. जब्बार पटेल बालरोगाचे, डॉ. मोहन आगाशे मनोविकाराचे. रंगभूमीकडून डॉक्टरांनी घेतले मात्र कमी. याला आगाशे अपवाद म्हणायला हवेत. बर्लिन शहरातली ‘ग्रिप्स’ ही मुलांची रंगभूमी पुण्याच्या थिएटर अकादमीत आली त्यात त्यांचा मोठा वाटा. १९८६ साली ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ हे पहिले मराठी नाटक त्यातून रंगले. मुलांना राजा-राणी-राक्षस दाखवायचे नाहीत. मुले कशाला भितात, घरात काय सोसतात, मोठ्यांचे त्यांना काय खटकते, हे मुलांकडूनच समजून घ्यायचे आणि ते रंगमंचावर आणायचे, ही ग्रिप्सची रीत. मनोविकारतज्ज्ञ दवाखान्यात याहून वेगळे काय करतो?

सुषमा देशपांडे यांनी तमासगीर स्त्रियांमध्ये जाऊन, त्यांच्याशी बोलून, त्यांच्या आठवणींतून ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ हे नाटक उभे केले. भूषण कोरगावकर यांनी लावणी कलावंतांमध्ये वर्षानुवर्षे वावरून २०१४ साली ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिले आणि पुढे सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग केला. त्यात त्या कलावंत स्वतः प्रेक्षकांपुढे येतात. पुस्तकातली माणसे पुस्तकातून उठून समोर उभी राहिली की बघणाऱ्याची नजर बदलते.

आरोग्याच्या अधिक जवळचे म्हणजे अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी बसवलेले ‘समाजस्वास्थ्य’. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गेली, १९२७ पासून अखेरपर्यंत, १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! हे सारे जुन्या कागदपत्रांत पडून होते. नाटकाने ते शेकडो माणसांसमोर बोलते केले. (याच दळवींचे ‘डॉक्टर तुम्हीसुद्धा’ हे नाटक आमच्या व्यवसायाच्या नाकाला चांगलेच झोंबले होते. झोंबायलाच हवे होते.)

आणि ‘मुलगी झाली हो’ कसे विसरू? स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले, १९८३ सालचे. ते विद्यापीठातले संशोधन नव्हे, चळवळीचे नाटक. पण गर्भजल परीक्षेने मुली नाहीशा होत आहेत हे पुस्तकी विधान ज्या काळात फारसे कोणी ऐकत नव्हते, त्या काळात ते गल्लीबोळांत पोचले. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला तो १९८८ साली, देशाने १९९४ साली. तरीही आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, जिजाऊंच्या माहेरच्या जिल्ह्यात, दर हजार मुलांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ च्या जनगणनेत ९०८ होत्या, २०११ च्या जनगणनेत ८५५ झाल्या. दरवर्षी १२ जानेवारीला आपण सिंदखेड राजाला जयजयकार करतो आणि हा आकडा खिशात घालून घरी येतो. यावर स्वतंत्र लिहायचे आहे. आज नाही.

परदेशात काय झाले?

ऑस्ट्रेलियात जिम मिएन्चाकोवस्की नावाचे एक अभ्यासक होते. मनोविकाराच्या रुग्णांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी १९९२ च्या सुमारास नाटक केले. शुश्रूषेचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि नाट्यविद्यार्थी एकत्र आणले. मला त्यात महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. लिहिलेली संहिता त्यांनी आधी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांनाच दाखवली. “तुमचे म्हणणे असेच होते का?” असे विचारले, आणि ते सांगतील तसे बदल केले. आपल्या शोधनिबंधात कोणी रुग्णाला असे विचारतो का?

कॅनडात टोरोंटो येथे रॉस ग्रे आणि ख्रिस्टिना सिंडिंग यांनी शरीरभर पसरलेल्या स्तनांच्या कर्करोगाने आजारी असलेल्या स्त्रियांशी बोलून, काही रुग्ण स्त्रियांना बरोबर घेऊन, नाटक तयार केले आणि ते डॉक्टर-परिचारिकांपुढे केले. बरी न होणारी बाई डॉक्टरांच्या कोणत्या शब्दाने खचते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि समोर बघणे वेगळे.

पण मला सगळ्यात आवडली ती ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी सांगितलेली गोष्ट. हे नाटककार १९७३ साली पेरू देशात साक्षरता मोहिमेत काम करत होते. एका अडाणी बाईला नवऱ्याने काही कागद सांभाळायला दिले होते. महत्त्वाचे दस्तऐवज म्हणून तिने ते जपले. कोणाकडून वाचून घेतले तर ती निघाली नवऱ्याच्या मैत्रिणीची प्रेमपत्रे! नवरा घरी आल्यावर तिने काय करावे, हा प्रश्न नाटकात थांबवून प्रेक्षकांना विचारला. एक धिप्पाड बाई म्हणाली, त्याच्याशी नीट, स्पष्ट बोलायला हवे. नटीने तसे बोलून दाखवले. बाईला पटेना. पुन्हा केले, पुन्हा पटेना. शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच करून दाखवा. ती बाई उठली, मंचावर गेली, झाडू घेतला आणि नवरा झालेल्या नटाला असे बडवले की सगळे बघतच राहिले! तिच्या ‘स्पष्ट बोलण्याचा’ अर्थ तो होता. तेव्हापासून प्रेक्षकालाच मंचावर बोलावणे ही बोआल यांच्या नाटकाची रीत झाली.

ही गोष्ट मी नीट ध्यानात ठेवली, कारण आमच्याकडेही झाडू निघाला. फक्त तो माझ्यासाठी निघाला.

आमचा प्रयोग

गुरुजींनी दोन आशाताई आणि बचत गटातल्या पाच बायका गोळा केल्या. शाळेच्या वर्गात, शाळा सुटल्यावर तालीम. लिखित संहिता नाही. गुरुजींनी फक्त प्रसंग दिले. सकाळचे घर. डॉक्टरचा दवाखाना. वावर. संध्याकाळचे घर. “तुमच्या घरात जसे होते तसे करा,” एवढीच सूचना. मला मागच्या बाकावर वही देऊन बसवले आणि बजावले, “साहेब, मधे बोलायचे नाही.”

पहिल्या दोन तालमी म्हणजे नुसते हसणे आणि पदर तोंडाला लावणे. तिसऱ्या दिवशी एका आशाताईने डॉक्टर केला. मान खाली घालून कागदावर लिहीत राहिली. समोरच्या बाईकडे एकदाही पाहिले नाही. “मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका, रोज सकाळी एक गोळी. पुढचा!” सगळ्या बाया लोटपोट. मीही हसलो. कान मात्र तापले. मान वर न करता ‘पुढचा’ म्हणायची सवय कुणाची ते सगळ्या वर्गाला ठाऊक होते!

मग वावराचा प्रसंग आला. नाटकातल्या शेवंताने गोळी पदराच्या गाठीला बांधली आणि घेतलीच नाही. बरोबरच्या बाईने विचारले, “काहून गं, डाक्टरनं सांगतलं ना?” त्यावर शेवंता झालेली बाई थांबली. एकदा माझ्याकडे पाहिले, मग गुरुजींकडे. आणि म्हणाली, “सकाळी गोळी घेतली का घंट्या-घंट्याले लघवीले लागते. वावरात आडोसा कुठी हाये? चारी अंगाले माणसं. आन् वेचणी किलोवर. मी उठून बांधापलीकडं जाऊन येईतो बाकीच्याईचं गठुडं भरते. मुकादमीण म्हणते, तुलेच कशी सारखी लागते वं?”

वर्गात कोणी हसले नाही. माझी पेन्सिल थांबली. लघवी वाढवणारे औषध सकाळी द्यावे, म्हणजे रात्री झोपमोड होत नाही, हे मला पुस्तकाने शिकवले होते. पहिल्या काही तासांत त्याचा जोर जास्त असतो हेही ठाऊक होते. ते तास त्या बाईचे वावरातले असतात, आणि कापूस वेचताना प्रत्येक खेपेला तिची मजुरी बुडते, हे कोणत्या पुस्तकात होते? पंचवीस वर्षांच्या व्यवसायात एकाही बाईने हे मला सांगितले नव्हते. पुरुष डॉक्टरला लघवीची गोष्ट सांगायची कशी, आणि तीही बाहेर बाकावर दहा माणसे ऐकत असताना?

नवरात्रात आमच्या गावातच पहिला प्रयोग झाला. वावराचा प्रसंग संपल्यावर गुरुजींनी नाटक थांबवले आणि विचारले, “शेवंतानं आता काय करावं?” क्षणभर शांतता. मग बायांच्या घोळक्यातून एकेक आवाज येऊ लागला. कोणी म्हणाली, मी अर्धीच गोळी घेते. कोणी म्हणाली, मी गोळी घेते पण दिवसभर पाणीच पीत नाही. (हे तर आणखी वाईट! उन्हात काम, वरून लघवी वाढवणारे औषध आणि पाणी बंद. चक्कर येऊन पडायची वेळ, शिवाय मूत्रमार्गाला जंतुसंसर्गाची भीती.) एकीने विचारले, उपवासाला गोळी चालते का? नवरात्र चालू होते, म्हणजे त्या नऊ दिवस घेतच नव्हत्या. एक म्हातारी म्हणाली, डोकं दुखत नाही तर गोळी कशाला, सवय लागते. मी वहीची सात पाने भरली.

स्पष्ट सांगतो, याला मी शास्त्रीय संशोधन म्हणणार नाही. किती टक्के बायांनी कोणत्या कारणाने गोळी सोडली हे नाटक सांगू शकत नाही. त्यासाठी घरोघर जाऊन, नीट यादी करून विचारावे लागते. पण काय विचारायचे, हेच मला ठाऊक नव्हते. ते मला त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी कपाटातली कार्डे काढली. ज्या मजूर बायांना ते औषध दिले होते त्या एकेक आल्या तसे आधी दार लोटून विचारले, “वावरात अडचण होते का?” कोणाची वेळ बदलली, कोणाचे औषध बदलले. रक्तदाबावर लघवी न वाढवणारीही औषधे आहेत, त्यांतल्या काहींनी पायावर थोडी सूज येते, ते आधीच सांगितले. वाचकहो, येथे एक विनंती. हे वाचून आपल्या मनाने गोळी बदलू नका, वेळही बदलू नका. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना तेच औषध गरजेचे असते. अडचण असेल ती डॉक्टरला सांगा. न लाजता सांगा. डॉक्टर मान वर करत नसेल तर “साहेब, जरा इकडं पाहा” असे म्हणा!

आणि त्या म्हातारीला दिलेले उत्तरही येथे लिहून ठेवतो. रक्तदाब वाढलेला असताना बहुतेकांना काहीही त्रास होत नाही. डोके दुखण्याची वाट पाहू नये. १४० वर ९० याच्यापुढे आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर उपचार हवेतच, आणि बरे वाटते म्हणून थांबवायचे नाहीत. गोळीची सवय लागत नाही. गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो, इतकेच. उपवासालाही गोळी चालते, फक्त साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या मोफत मिळतात. एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले तर तेल चोळत, अंगारा लावत घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. मेंदूचा फोटो काढून, रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन देता येते, पण लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. आपल्या भागातून मोठ्या रुग्णालयात पोचायलाच किती वेळ जातो ते तुम्ही जाणता.

चूक कुठे झाली

दुसरा प्रयोग शेजारच्या गावात झाला. तेथे नाटक रंगले, हशा पिकला. नाटकातला शेवंताचा नवरा दारुडा आणि आडमुठा दाखवला होता. “गोळ्याईले पैसे नाहीत,” म्हणून तो तिचे पाकीट फेकतो. शेवटी शेवंताला लकवा होतो. हे दृश्य चालू असताना मागच्या रांगेतून एक तरुण उठून निघून गेला. तो त्या कार्डावरच्या बाईंचा मुलगा होता.

सकाळी तो दवाखान्यात आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. म्हणाला, “डाक्टरसाहेब, आमच्या घरची गोष्ट चौकात कशाला मांडली? माझा बाप दारू पीत नाही. त्यानंच तर मायले रोज गोळीची याद देली. आता लोक त्याच्याकडं पाहून हसतात.”

मी काय उत्तर देणार? नाव बदलले होते, गाव बदलले होते, एवढ्याने भागते असे मी धरून चाललो होतो. लहान गावात नाव बदलून काही लपत नाही. लंगडणारी मजूर बाई आणि लकवा म्हटले की सगळ्यांना कळते. दारुडा नवरा आम्ही हशासाठी घातला होता, कारण नाटकात तो चालतो. ज्या बाईंमुळे हे सगळे सुरू झाले त्यांना विचारायचे मात्र कोणालाच सुचले नव्हते, मला तर सगळ्यात आधी सुचायला हवे होते. रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे एमबीबीएसच्या पहिल्या धड्यातले! मिएन्चाकोवस्कींबद्दल मित्राने मला सांगितले ते यानंतर. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले आहे की आजाराचे नाटक दुखऱ्या प्रेक्षकाला इजाही करू शकते. आधी वाचले असते तर!

त्याच संध्याकाळी गुरुजींना घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई ओसरीत बसल्या होत्या, डाव्या हाताने तूर निवडत. नवरा एक शब्द बोलला नाही, पण चहा ठेवायला सांगितला. मी माफी मागितली. प्रयोग बंद करतो म्हणालो. बाईंनी मान हलवली. नाही. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. मुलगा मधे बोलू लागला तर त्यालाही हाताने थांबवले.

“बंद... नका करू,” त्या म्हणाल्या. “नवरा... चांगला दाखवा.” आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे रोखून पाहत, “मी... निष्काळजी... नव्हती. थे... सांगा त्यात.”

तो लाल शब्द त्यांनी वाचलेला नव्हता. त्यांना वाचता येत नाही. पण आपल्याबद्दल डॉक्टर काय समजतो हे रुग्णाला कार्ड न वाचताही कळते. मुलाने त्या दिवशी होकार दिला नाही. आठ दिवसांनी दिला, तोही एका अटीवर. तालीम आधी त्यांच्या ओसरीत व्हायची, आई-बाप समोर बसतील, आणि त्यांना खटकेल ते काढायचे.

तशी तालीम झाली. दारुडा नवरा गेला. गुरुजींना वाईट वाटले, कारण हशा तिथेच होता. मुकादमीण मात्र राहिली. वावराच्या प्रसंगात शेवंता बांधापलीकडे जाते तेव्हा बाईंनी हात वर करून नाटक थांबवले. त्यांना सांगायचे होते की ती एकटी जात नाही. सोबतीला कोणी एक जाते आणि दोन्ही हातांनी लुगड्याचा आडोसा धरते, त्यामुळे तिचीही मजुरी बुडते. ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आशाताईंनी उठून तसा पदर धरून दाखवला. बाई म्हणाल्या, “उंच... धर.”

तिसरा प्रयोग वेचणीचा जोर ओसरल्यावर, संक्रांतीनंतर करायचा ठरला आहे. त्या कार्डावर मी तो शब्द खोडून खाली लिहिले आहे, ‘औषधामुळे वारंवार लघवी. कामाच्या ठिकाणी सोय नाही. डॉक्टरने विचारले नाही.’

पुढील आठवड्यात : वावरात काम करताना पाणी किती आणि केव्हा प्यावे?